विश्रांतीच्या वेळेत आवळलेले बोल्ट

पद्मनाभ माझ्या बहिणीचा मुलगा. वय त्रेचाळीस. विमानाचा इंजिनियर. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठं विमान येतं. त्याचं विमान नऊ माणसांचं होतं. कंपनी लहान, विमान एकच, मुक्काम मैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळावर. कारखान्यांचे साहेब, कंत्राटदार, कधी डॉक्टर, ज्यांना बेळगाव किंवा कलबुर्गीला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असे, ते हे विमान भाड्याने घेत.

पुढे दोन वैमानिक बसत. शेवटच्या खुर्चीवर पद्मनाभ. सामान तोलून चढवायचं, दार लावायचं, प्रवाशांचे पट्टे बघायचे, धोका आला तर बाहेर कसं पडायचं ते सांगायचं, हे त्याचं हवेतलं काम. विमान उतरलं की दार उघडायचं, प्रवासी गेले की तेल, टायर, ब्रेक, पंख्याची पाती बघून वहीत सही करायची, हे जमिनीवरचं काम. हवेत पांढरा शर्ट. जमिनीवर निळा बॉयलर सूट. दोन्ही एकाच पिशवीत, मध्ये प्लास्टिकचा कागद, म्हणजे तेल शर्टाला लागू नये.

मी अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपात छत्तीस वर्षं फिटर होतो. विमानातलं मला कळत नाही. बोल्ट कळतो. माणूस किती तास बोल्ट नीट आवळू शकतो तेही कळतं. आठ तास नीट. दहाव्या तासाला हात चालतो, लक्ष चालत नाही. बाराव्या तासानंतर माणूस काम करत नाही, केल्यासारखं करतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांवरून सांगतो.

पद्मनाभचे तास मोजायला दोन वह्या होत्या. एक उडणाऱ्यांची. तीत वैमानिकांच्या खाली त्याचं नाव. किती वाजता कामावर आले, किती वाजता सुटले, मध्ये विश्रांती किती. दुसरी दुरुस्तीवाल्यांची, हजेरीची. पहिल्या वहीत, विमान जमिनीवर असताना तो विश्रांतीत असे. दुसरीत, विमान हवेत असताना तो प्रवासात असे. पहिली वही बघणाऱ्याला तास कमी दिसत. दुसरी बघणाऱ्यालाही कमीच दिसत. दोन्ही एका टेबलावर ठेवून कुणी बेरीज केली नव्हती. माणूस मात्र एकच होता.

चार वर्षं असं चाललं.

आमची घरं मैसुरात चार पिढ्यांपासून. कापड रंगवणारे, छापणारे लोक. मंडी मोहल्ल्यात पद्मनाभच्या वडिलांचा, म्हणजे रघुचा, छपाईचा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा पद्मनाभ बारावीत होता. त्याने बेंगळूरात विमानदुरुस्तीचा कोर्स केला. पण कोर्सने काही होत नाही. लायसन्स लागतं. ते मिळवायला त्याला नऊ वर्षं लागली. दिवसा कुणाच्या तरी हॅंगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, झाडू मारण्यापासून काम, संध्याकाळी अभ्यास. तीन पेपर दोनदा दिले, एक चारदा. लायसन्स हातात आलं तेव्हा रघु नव्हता. माझी बहीण गौराबाई ते लायसन्स चष्मा लावून बघत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. फोटो नीट आलाय का तेवढं तिने बघितलं.

घर चामराजपुरमला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. त्याची बायको भाग्या नंजनगूडच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिची पाळी भोंग्यावर सुरू होते, भोंग्यावर संपते. ती एकदा म्हणाली होती, "मामा, ह्यांना भोंगा नाही. ह्यांचा फोनच भोंगा." तो तिथेच बसला होता, पण त्याला ते ऐकू आलं नाही. हातात चपातीचा घास होता आणि डोळे मिटलेले होते.

आता त्या दिवसाचं सांगतो. फेब्रुवारीतला मंगळवार.

पद्मनाभ सव्वापाचला हॅंगरवर होता. आदल्या रात्री दहाला घरी आला होता. पहाटे विमान तयार केलं, साडेसहाला पांढरा शर्ट चढवला, सातला बेळगावसाठी निघाले. साडेबाराला परत. वैमानिक गाडीत बसून हॉटेलवर गेले आणि झोपले. त्यांचा तो नियम होता आणि तो पाळला जात असे. संध्याकाळी सव्वापाचला कलबुर्गीची फेरी होती, तोपर्यंत विश्रांती. उडणाऱ्यांच्या वहीत तिघांच्या नावापुढे लिहिलं गेलं, साडेबारा ते पावणेपाच, विश्रांती.

साडेबारालाच वेंकटेशचा फोन आला. वेंकटेश दुरुस्तीखात्याचा प्रमुख. म्हणाला, उजव्या चाकाच्या ब्रेकचं अस्तर संपत आलंय, नवं आलंय, कलबुर्गीच्या आधी बदलून टाक. दुसरा इंजिनियर रजेवर होता. पद्मनाभने बॉयलर सूट घातला.

हॅंगरचा पत्रा त्या वेळी तापलेला असतो. काम अवघड नव्हतं. आठ बोल्ट. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्या मापाला आवळायचा. पाना टक् करून आवाज देतो, म्हणजे माप झालं. मग बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघेचे अर्थ दोन. एक, हा बोल्ट आवळलेला आहे. दोन, पुढे कधी तो सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. एक बोल्ट आवळायचा, एक रेघ. दुसरा आवळायचा, दुसरी रेघ. पद्मनाभ नेहमी असंच करत आला होता.

त्या दिवशी रंगाची ट्यूब संपत आली होती. दाबली तरी येईना. सहा बोल्ट आवळून झाले, रेघ एकालाही नव्हती. मग ट्यूब जोरात दाबली, रंग एकदम आला. वाळायच्या आत वापरावा म्हणून त्याने आठही बोल्टांवर रेघा मारल्या. दोन बोल्ट फक्त हाताने बसवलेले होते. ते रेघ मारून झाल्यावर आवळायचे असं त्याने ठरवलं. ठरवलं होतं हे त्याला पक्कं आठवतं.

तेवढ्यात फोन. प्रवासी लवकर आले आहेत, वैमानिक निघाले आहेत, पांढरा शर्ट घाल.

त्याने चाक बसवलं. हत्यारं पेटीत परत ठेवली. विमानात हत्यार राहू नये म्हणून ती मोजायची असतात. मोजली. बरोबर भरली. हत्यारं बरोबर, रेघा आठ. सगळं झालेलं दिसत होतं. आमच्या वर्कशॉपात जो आवळतो तो तपासत नाही, दुसरा माणूस तपासतो. इथे दुसरा माणूस रजेवर होता, आणि दुसऱ्याने तपासायचं ते शक्य असेल तेव्हा, असं कंपनीच्या कागदात लिहिलेलं होतं. पद्मनाभने सही केली, हात धुतले, शर्ट घातला आणि एका सिमेंट कारखान्याच्या पाच साहेबांना नमस्कार करून त्यांचे पट्टे बघितले.

कलबुर्गीला पावणेसातला उतरले. प्रवासी गेले. तो टॉर्च घेऊन चाकांपाशी वाकला. सहा रेघा सरळ. सातवी तुटलेली. आठवीच्या बोल्टला हात लावला तर तो हातानेच फिरला.

मला हे सांगताना तो म्हणाला, "मामा, मी तिथं खाली बसलो. भीती नंतर वाटली. आधी डोक्यात एकच, मी हे दोन आवळले होते की. आवळले होते. मग आठवलं, नाही. आवळायचे होते."

तिथे त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. वैमानिक चहाला गेले होते. पाना पेटीत होता. दोन बोल्ट, दोन मिनिटं, दोन नव्या रेघा. कुणालाही कधीच कळलं नसतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याला बेजबाबदार म्हणणारे पुष्कळ भेटले.

त्याने बोल्ट आवळले, आणि वहीत लिहिलं. काय राहिलं होतं, केव्हा राहिलं होतं, कुणाकडून. मग वैमानिकांना सांगितलं. दुसऱ्या इंजिनियरने येऊन तपासल्याशिवाय विमान उडणार नाही, हेही सांगितलं. तो माणूस रजा मोडून रस्त्याने आला, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. सिमेंटच्या साहेबांची रात्र कलबुर्गीच्या लॉजवर गेली. त्यांनी कंपनीला जे ऐकवलं ते मला ठाऊक नाही, पण कंपनीने पद्मनाभला जे ऐकवलं ते ठाऊक आहे.

आठ दिवसांत विमानखात्याची नोटीस आली. अपुरं काम पूर्ण झालं अशी सही केल्याबद्दल लायसन्स का रद्द करू नये. उत्तराला पंधरा दिवस.

घरी सांगितल्यावर गौराबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या आजोबानं कोरा कपडा धुतल्याबगर कधी रंगात घातला नाही. आधी काम, मग रंग. आणि तू आधी रंग लावलास? अय्यो देवा."

"आई, सुम्ने बस ना," तो म्हणाला. गप्प बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडी ताकद लागते.

त्या रविवारी यशोधन घरी आला. यशोधन कंपनीत उड्डाणांचं वेळापत्रक लावणारा मॅनेजर. पुण्याचा. मैसुरात येऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मीही तिथे होतो. वयाने मुलासारखा, बोलायला गोड, आणि मराठी अशी की आमच्या घरातली सगळी माणसं जरा सावरून बसली.

"काकू, घर अगदी पटकन सापडलं," तो म्हणाला.

गौराबाई म्हणाली, "चार वर्षं आमचा मुलगा तुमच्याकडंच राहतो. आज त्याचं घर सापडलं, बरं झालं. कॉफी घेता नव्हे?"

यशोधन हसला. खिशातून कागद काढून पद्मनाभपुढे ठेवला. "हे नीट वाच. तुझ्या भल्याचं आहे."

कागदावर लिहिलं होतं की घटनेच्या दिवशी साडेबारा ते पावणेपाच या वेळेत मी विश्रांतीवर होतो, आणि ब्रेकचं काम मी स्वतःच्या इच्छेने हाती घेतलं. खाली सहीची जागा.

पद्मनाभने दोनदा वाचलं. "सर, स्वतःच्या इच्छेने म्हणजे?"

"म्हणजे कुणी जबरदस्ती केली नाही."

"वेंकटेशनं फोन केला की."

"त्याने सुचवलं. तुझी विश्रांती चालू होती हे त्याला कुठे माहीत? त्याच्या वहीत तू हजर होतास."

"आणि तुमच्या वहीत झोपलेलो होतो."

"हे बघ, पद्मनाभ. तू दमला होतास असं लिहिलंस तर खातं पहिलं मला विचारणार, दमलेल्या माणसाला पुन्हा विमानात का बसवलं. मग परवाना कंपनीचा जाईल. एक विमान आहे आपलं. ते उभं राहिलं तर बावीस माणसं घरी बसतील. तू हे लिहून दे, आम्ही तुझ्यासाठी शब्द टाकतो. महिनाभर लायसन्स थांबेल, नोकरी राहील. आणि खरं सांगू का, तू क्रू नाहीसच मुळात. क्रू म्हणजे वैमानिक. तू बरोबर जाणारा इंजिनियर."

पद्मनाभने कागद खाली ठेवला. "मी क्रू नाही तर विश्रांतीच्या वहीत माझं नाव कशाला, सर?"

"सोयीसाठी."

"कुणाच्या?" हे मी विचारलं.

"मामा, तुम्ही रेल्वेवाले. तुमच्या मागे युनियन होती." मग तो पद्मनाभकडे वळला. "परक्या गावात आपण मराठी माणसं. एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

गौराबाईने कॉफीचा पेला त्याच्यापुढे ठेवला. "परकं तुम्हाला असेल. आम्हाला हेच गाव आहे. कॉफी निवते, घ्या."

तो गेल्यावर कागद तिथेच राहिला. मला तो माणूस वाईट वाटला नाही. बावीस घरं ही खोटी गोष्ट नव्हती. मात्र त्याने जे मागितलं ते सरळ नव्हतं. ती दुपार विश्रांतीची होती म्हटलं, तर पाना हातात घेणं हा पद्मनाभचा एकट्याचा गुन्हा. ती दुपार कामाची होती म्हटलं, तर संध्याकाळी त्याला विमानात बसवणं हा कंपनीचा. नियमाच्या पुस्तकात उडणारा माणूस वेगळ्या पानावर आणि दुरुस्त करणारा वेगळ्या. दोन्ही करणाऱ्याचं पान कुणी छापलंच नव्हतं. त्यामुळे जो आधी लिहील त्याचं खरं ठरणार होतं.

भाग्या म्हणाली, "सही करून टाका. महिना तर महिना. लायसन्स गेलं तर त्रेचाळीसाव्या वर्षी काय, परत झाडू मारणार?"

तिचंही चूक नव्हतं. पद्मनाभ संध्याकाळी माझ्याकडे आला. बरोबर दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स होत्या. हजेरीच्या वहीची दुसऱ्या इंजिनियरने दिली, उडणाऱ्यांच्या वहीची त्याच्याकडेच होती.

"मामा, बेरीज करायची आहे. मला दोन ओळींनंतर आकडे दिसेनासे होतात."

मी चौकटीचा कागद घेतला. आडवे दिवस, उभे तास. हवेतले तास तिरप्या रेघांनी भरले, जमिनीवरचे उभ्या रेघांनी. सहा आठवडे भरायला साडेतीन तास लागले. घाईने केलेली बेरीज कामाची नसते. बेचाळीस दिवसांत एकोणीस दिवस तेरा तासांच्या वर निघाले. सहा दिवस सोळाच्या वर. कुठलीच रेघ नाही असे दिवस तीन. त्यातल्या एका दिवशी तो आईला घेऊन दवाखान्यात गेला होता.

कागद पूर्ण झाल्यावर आम्ही दोघे तो बघत बसलो. तो म्हणाला, "मला वाटायचं मीच मऊ झालोय. वय झालं म्हणून."

मी म्हणालो, "वय नाही, तास झाले. पण ऐक, पद्दू. तास खरे असले तरी रेघ तूच मारलीस. न आवळता."

"हौदु, मामा. खरंय."

"मग उत्तरात ते पहिलं लिही. तास नंतर. आधी तास लिहिलेस तर वाचणारा म्हणेल, सबब सांगतोय."

मला त्याची दया येत होती, तरी हे बोललो. दमलेल्या माणसाच्या हातून चूक होते, पण चूक दमण्याच्या नावावर टाकली की ती कुणाचीच राहत नाही. मग पुढच्या वेळी ती करायला सगळे मोकळे.

त्याने तसंच लिहिलं. पहिल्या परिच्छेदात दोन बोल्ट. दुसऱ्यात त्या दुपारचा फोन, वेळेसह. तिसऱ्यात सहा आठवड्यांचे तास, आणि शेवटी एक प्रश्न. त्या दुपारी मी कोण होतो, हे मला नियमात सापडलं नाही, कृपया सांगावं. यशोधनचा कागद सही न करता परत पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला विमानावरून उतरवलं. कुणी रागावलं नाही, नुसतं यादीत नाव नव्हतं. वेंकटेशने फोन उचलणं बंद केलं.

सुनावणी बेंगळूरला झाली. मी बरोबर गेलो होतो, पण बाहेर बाकावर बसलो. आतलं त्याने परतीच्या गाडीत सांगितलं.

आत एक बाई होत्या. पन्नाशीच्या. त्यांनी त्याचं उत्तर खुणा करून वाचलेलं होतं. टेबलावर नियमांची दोन पुस्तकं, दोन्हींत कागदाचे तुकडे अडकवलेले.

"तुमचा चौकटींचा कागद कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"मामांनी, मॅडम. रेल्वेत फिटर होते."

"स्वच्छ आहे." मग त्यांनी पहिल्या पुस्तकावर हात ठेवला. "ह्यात उडणाऱ्यांची विश्रांती आहे. विश्रांतीत कंपनीचं काम सांगायचं नाही. चांगला नियम आहे. पण तुम्ही ह्यात आहात असं स्पष्ट लिहिलेलं नाही. नाही असंही लिहिलेलं नाही." दुसऱ्यावर हात ठेवला. "ह्यात दुरुस्तीवाल्यांची पाळी आहे. विमानात बसलेले तास त्यात धरायचे का, ह्यावर एक ओळ नाही. तुमची कंपनी म्हणते तुम्ही इंजिनियर. उड्डाणाच्या कागदांवर तुमचं नाव कर्मचाऱ्यांत. मी तुम्हाला कुठल्या रकान्यात धरू, सांगा."

पद्मनाभ म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल त्या. एकात धरा. दोन्हींत अर्धा अर्धा धरू नका."

बाईंनी दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाल्या, "ते ठरवणं माझ्या हातात नाही. मी वर लिहीन. उत्तर कधी येईल सांगता येत नाही. सही मात्र तुमची आहे, आणि काम अपुरं होतं. त्यावर मला आजच ठरवायला हवं."

तीन महिने लायसन्स निलंबित. रद्द नाही. स्वतःहून नोंद केली म्हणून रद्द नाही, हे त्यांनी निकालात लिहिलं. कंपनीला एक पत्र गेलं, तासांबाबत काळजी घ्यावी. काळजी म्हणजे काय ते त्या पत्रात नव्हतं.

परतीच्या गाडीत मंड्या स्टेशन येईपर्यंत तो हे सांगत होता. मग झोपला. मैसूरला मी उठवलं.

त्या तीन महिन्यांतले पहिले आठ-दहा दिवस तो झोपूनच होता. जेवायला उठे, परत झोपे. गौराबाई घाबरली. मला म्हणाली, "अण्णा, ह्याला काय दुखणं लागलं का?" मी म्हणालो, दुखणं नाही, जुनी बाकी आहे, फिटू दे. त्यानंतर तो हळूहळू माणसात आला. भाग्याला बसस्टॉपवर सोडायला जाऊ लागला. आईच्या खोलीचं दार चार वर्षं घासत होतं, ते काढून रंधा मारला. बिजागरीचे स्क्रू एकेक करून घट्ट केले आणि परत एकदा सगळे फिरवून बघितले.

लायसन्स परत मिळालं त्या आठवड्यात यशोधनचा फोन आला. पद्मनाभने फोन स्पीकरवर ठेवला.

"झालं गेलं सोडून दे. विमानाला तुझ्यासारखा माणूस नाही मिळत. रक्षित म्हणून एक मुलगा घेतलाय, शिकतोय, पण त्याला वेळ लागेल. सोमवारी ये. एक नवीन फॉर्म केलाय, तेवढा भर."

फॉर्म फोनवर आला. लिहिलं होतं, उड्डाणाच्या काळात मी कर्मचारी आणि जमिनीवर इंजिनियर, दोन्हींचे तास स्वतंत्र धरले जातील हे मला मान्य आहे.

पद्मनाभने तो मोठा करून वाचला. मग म्हणाला, "सर, स्वतंत्रच्या जागी एकत्र असं लिहा. मी सोमवारी सकाळी सहाला येतो."

"अरे, नियमात नाही तर मी कसं लिहू?"

"नियमात स्वतंत्र तरी कुठं आहे, सर? ते तुम्ही लिहिलंत ना."

"एकत्र धरले तर दिवसाला एकच फेरी होईल. तुला माहीत आहे, एका फेरीत विमान परवडत नाही."

"माहीत आहे, सर."

"मग?"

"मग काय म्हणू. बावीसातला एक घरी बसला, अष्टे. एवढंच."

"हट्टी आहेस," यशोधन म्हणाला. आवाज दमलेला वाटला. दिवसातून किती वेळा त्याला हे वेळापत्रक जुळवावं लागत असेल, कुणास ठाऊक.

भाग्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन बंद झाल्यावर तिने आत जाऊन चूल पेटवली.

आता पद्मनाभ वैमानिक शिकवणाऱ्या एका संस्थेच्या हॅंगरमध्ये आहे. दोन माणसांची छोटी विमानं. पोरं ती शिकताना आपटतात, तो दुरुस्त करतो. सात ते साडेतीन. हुद्दा दोन पायऱ्या खाली. पांढरा शर्ट नाही. एका वहीत नाव. जो आवळतो तो तपासत नाही, तिथे दुसरा माणूस आहे. बाईंनी वर लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं का, हे त्याने दोनदा विचारलं. विचाराधीन आहे असं कळलं. नऊ आसनी विमान अजून उडतं. शेवटच्या खुर्चीवर रक्षित बसतो. त्याने फॉर्म भरला.

मागच्या आठवड्यात पद्मनाभ माझ्याकडे आला होता. मी त्याला विचारलं, उडण्याची आठवण येते का. चार वर्षं उडला. आमच्या घराण्यात दुसरं कुणी विमानात बसलेलंही नाही.

तो म्हणाला, "काय आठवण येणार, मामा. मी खिडकीतून कधी बघितलंच नाही. पट्टे बघून झाले की बसायचो, आणि पडू नये म्हणून खुर्ची धरून डोळे उघडे ठेवायचो. पश्चिम घाट वरून कसा दिसतो, आई विचारायची. मी काहीतरी सांगायचो."

"काय सांगायचास?"

"हिरवा म्हणून."